फील्ड कॉईल गेली म्हणून लगेच मॅग्नेटचा स्पीकर बसवू नका

वर एका दादांनी लिहिलंय की जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या स्पीकरची फील्ड कॉईल (करंट गेला की चुंबक होणारी तारेची गुंडाळी) गेली तर त्याच मापाचा मॅग्नेटवाला स्पीकर टाका, काम झालं. नाही ओ, एवढं सोपं नाही. ती कॉईल नुसतं चुंबकाचं काम करत नाही, बऱ्याच सेटमध्ये तीच पॉवर सप्लायचा चोक, म्हणजे करंटमधला हम गाळणारी गुंडाळी असते, व्हॉल्व्हना लागणारा सगळा हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजचा) करंट तिच्यातनंच पुढं जातो. ती काढली की सेट मुका, आणि तिथं नुसती वायर मारली तर व्होल्टेज चढतं, घुंईऽऽ असा हम सुरू होतो आणि कंडेन्सरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ताण येतो. माझ्या सेटची कॉईल १००० ओहमची, करंट ६० मिलिअँपिअर धरला तरी ६० व्होल्ट तिथंच पडतात. म्हणजे स्पीकर बदलायचाच तर चोक आणि १० वॉटचा रेझिस्टर मिळून तेवढा ओहम भरून काढायलाच पाहिजे.

पण त्याआधी कॉईल खरंच जळलीय का बघा की! माझा स्पीकर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भंगारात मिळालेला, कॉईल मीटरवर ओपन, म्हणजे तार कुठंतरी तुटलेली दाखवत होता. वरचं कापड हळूच सोडवलं तर बाहेर येणाऱ्या वायरच्या जॉइंटला हिरवा गंज, आपल्याकडच्या पावसाळ्यात ह्या बारीक तांब्याच्या तारेचं हेच होतं. तेवढा जॉइंट खरवडून सोल्डर केला, कॉईल जिवंत. कोन (स्पीकरचा कागदी पडदा) घासत होता, तो एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या चुंबकाच्या गॅपमध्ये सरकवून सेंटरला आणला. तो भरीव आवाज मला नव्या स्पीकरवर कधीच मिळाला नव्हता. आणि हात लावायच्या आधी कंडेन्सर डिस्चार्ज करा, स्विच बंद असला तरी.