मदत हवी आहे : कला शाखेच्या वर्गात नेतृत्व शिकवतो आहे, पण गुण कशाला द्यायचे?

नमस्कार.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात गेली अठरा वर्षे इतिहास शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी 'नेतृत्व' या विषयावर दोन क्रेडिटांचा, म्हणजे तीस तासिकांचा, ऐच्छिक अभ्यासक्रम तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून तो साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र यांच्या आधारेच शिकवावा, असे आमच्या विभागाने ठरवले आहे. मागच्या सत्रात त्याचा प्रायोगिक वर्ग घेतला. वर्ग बरा झाला. परीक्षेपाशी मात्र गाडे अडले, म्हणून हा धागा.

पहिली अडचण शब्दांचीच होती. आमच्याकडे आलेल्या एका पत्रकात 'लिबरल आर्ट्स'चे भाषांतर 'उदारमतवादी कला' असे केले होते आणि त्यावरून शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास राजकीय वाद झाला. मूळ लॅटिन कल्पनेचा आजच्या उदारमतवादाशी संबंध नाही. जो कुणाचा दास नाही, ज्याला नगराच्या कारभारात भाग घ्यायचा आहे, अशा स्वतंत्र माणसाला लागणाऱ्या विद्या, एवढाच तिचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात त्या सात मोजल्या जात : व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. यातले अंकगणित कृपया लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. २०२० च्या धोरणातही बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील चौसष्ट कलांचा दाखला देऊन ही बहुविद्य परंपरा आपल्याकडेही असल्याचे म्हटले आहे.

'नेतृत्व' या शब्दाची अवस्था याहून बिकट निघाली. पहिल्या तासाला मी मुलांना नेत्याचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेकांनी चौकातला फ्लेक्स काढला : वर मोठा चेहरा, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या कार्यकर्त्यांचे छोटे छोटे चेहरे. एकाने त्या छोट्या चेहऱ्यांत स्वतःलाही काढले होते.

म्हणून चरित्रे शिकवायची नाहीत, असे मी ठरवले. कुणीतरी एका अवघड वेळी, हाती अपुरी माहिती असताना आणि समोर विरोध उभा असताना काय ठरवले आणि ते इतरांना कसे पटवले, एवढेच वाचायचे. पहिला मजकूर घेतला तो शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेल्या पत्राचा. त्यात लढाईतल्या पराक्रमाची गोष्ट नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून दाणे आणि भाजी ओढून आणाल आणि यापेक्षा मोगल बरे असे लोक म्हणू लागतील; रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असे सगळे बारकावे आहेत. 'राजाने उंदराचा विचार का करावा?' या एका प्रश्नावर दोन तासिका गेल्या, आणि त्या वाया गेल्या असे मला वाटत नाही. आरमाराचे लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील उतारा त्यालाच जोडून घेतला.

त्यानंतर मी थोडे धाडस केले आणि प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस याच्या इतिहासातील मिटिलीनीचा वाद घेतला. इ. स. पूर्व ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या नगराचे बंड मोडल्यावर अथेन्सच्या सभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे असे ठरवले, आणि तो हुकूम घेऊन जहाजही रवाना झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला, ठरवले ते ठरवले. सभेतल्याच डायोडोटस नावाच्या वक्त्याने त्याला विरोध केला, पण दयेची भाषा न वापरता. सगळ्यांना मारले तर पुढचे बंडखोर नगर शरण येण्याऐवजी शेवटपर्यंत झुंजेल, वेढ्याचा खर्च वाढेल आणि हाती आलेल्या ओसाड गावातून खंडणी मिळणार नाही, असे त्याने मांडले. थोड्या मतांनी त्याचा पक्ष जिंकला. दुसरे जहाज सुटले. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, आळीपाळीने झोप घेतली आणि कत्तल सुरू होण्यापूर्वी ते कसेबसे पोहोचले.

मी विचारले, 'डायोडोटसने दया का मागितली नाही?' बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी तेलुगू बोलतात, आई बिड्या वळते. तिने सांगितले की कारखान्यात माल तपासणारा माणूस दर हजारामागे बऱ्याच बिड्या खराब म्हणून बाजूला काढी. बायका रोज भांडत, कधी रडत, पण फरक पडत नसे. मग त्यांच्या ओळीतल्या एका बाईने प्रत्येकीच्या किती बिड्या बाजूला पडल्या ते आठवडाभर वहीत लिहून ठेवले आणि शनिवारी सगळ्यांसमोर बेरीज वाचून दाखवली. त्यानंतर प्रमाण कमी झाले. 'ती बाई सगळ्यांत धीट नव्हती, सर,' ती म्हणाली, 'तिला हिशेब येत होता.'

अठरा वर्षांत वर्गात ऐकलेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत नेमके वाटले. आणि सत्राच्या शेवटी, आमच्या नेहमीच्या पद्धतीच्या लेखी परीक्षेत, त्याच मुलीला तीसपैकी अकरा गुण मिळाले, कारण तिचे लेखी मराठी अडखळते आहे. 'आदर्श नेत्याचे दहा गुण' ओळीने लिहून देणाऱ्या एका मुलाला सव्वीस मिळाले. दोन्ही उत्तरपत्रिका मीच तपासल्या होत्या, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

आणखी एका ठिकाणी मी फसलो, तेही सांगतो. १९३० चे सोलापूर अभ्यासक्रमात नसून कसे चालेल? गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चौघे चार समाजांतले. मुलांनी पुतळ्यांना हार घातला, भाषणे उत्तम केली, आणि मला जो प्रश्न विचारायचा होता तो विचारताच आला नाही, कारण हुतात्म्यांपुढे प्रश्न विचारणे वर्गाला अनादर वाटला.

तर माझी विनंती अशी. अशा अभ्यासक्रमात नेमके काय तपासावे? वाणिज्य विभागातील सहकारी व्यवस्थापनाचे खेळ आणि व्यक्तिमत्त्व विकासाची चाचणी सुचवतात, वरिष्ठ म्हणतात की यशस्वी उद्योजकांची व्याख्याने ठेवा आणि त्यांवर अहवाल लिहून घ्या. मला दोन्ही पटत नाहीत, पण माझ्याकडे तिसरा पर्याय तयार नाही. निम्म्या वर्गाची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असताना लेखी मराठीचे ओझे किती ठेवावे? आणि १९३० सारखा जवळचा, पवित्र झालेला प्रसंग निर्णय म्हणून कसा शिकवावा? कुणी असे वर्ग घेतले असल्यास कृपया अनुभव लिहावा.

प्रतिसाद : निवृत्त_तर्कशास्त्री, बार्शी

सर, नेतृत्वाला गुण देण्याच्या फंदात पडू नये. ते मोजता येत नाही, आणि मोजू लागलो की फ्लेक्सच मोजला जातो. मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक पद्धत बरीच वर्षे वापरली. विद्यार्थ्याला एक पेच द्यावा आणि एका पानात निर्णय व कारणे लिहून घ्यावीत. मग विरुद्ध मताच्या विद्यार्थ्याशी वीस मिनिटे बोलायला लावावे आणि दुसरा मसुदा लिहून घ्यावा. गुण द्यायचे ते दोन मसुद्यांतील फरकाला. मत बदललेच पाहिजे असे नाही, पण विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा दुसऱ्या मसुद्यात प्रामाणिकपणे उतरला आहे का, हे पाहावे. पाठांतर करणारा मुलगा इथे उघडा पडतो, कारण त्याचे दोन्ही मसुदे सारखेच असतात. भाषेचे म्हणाल तर पहिला मसुदा तोंडी आणि घरच्या भाषेत घेण्यास हरकत नसावी.

प्रतिसाद : टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

मी शिक्षक नाही, यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवतो. स्पष्ट लिहितो, राग नसावा. तुमच्या वर्गात मुलांच्या हातात कसलीच सत्ता नाही, मग निर्णयाचे वजन त्यांना कळणार कसे? डायोडोटसचे भाषण ठीकच आहे, पण जेवणासाठीही वल्हे न सोडणाऱ्यांमुळे ते गाव वाचले. मुलांना एक खरा निर्णय द्या. अंतर्गत गुणांची वाटणी कशी करायची हेच त्यांना ठरवू द्या, आणि ज्याला ती मान्य नाही त्याला पटवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाका. कामगारांच्या बोनसची चर्चा एकदा तरी केलेला माणूस त्या कसरतीतून किती शिकतो ते मी पाहिले आहे.

१९३० बद्दल एक सुचवतो. हुतात्म्यांविषयी प्रश्न नका विचारू. त्या मे महिन्यात गिरणीतून घरी आलेला कामगार, दुकान उघडावे की नाही या विचारात दारात उभा असलेला व्यापारी, लष्करी कायद्यात बातमी छापावी की न छापावी या पेचातला छापखान्याचा मालक, यांनी काय ठरवावे ते विचारा. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. त्या दिवसांत ते घरीच थांबले होते आणि त्याबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. घरी थांबलेल्या माणसाचा निर्णय माझ्या यादीत नव्हता. यंदा १९३० ची सुरुवात तिथूनच करीन. अंतर्गत गुणांची संपूर्ण वाटणी मुलांवर सोपवण्यास परीक्षा विभाग मान्यता देईल असे वाटत नाही, परंतु दहापैकी चार गुणांपुरती परवानगी तोंडी मिळाली असून ती लेखी घेण्याच्या खटपटीत आहे.

बार्शीच्या सरांना एक विनंती. पहिला मसुदा तेलुगूत तोंडी घेतला तर मला तो समजणार नाही; त्यासाठी एक सहकारी शिक्षिका वर्गात बसायला तयार आहेत. मात्र त्या गुण देणार की फक्त मला अर्थ सांगणार, हे आधी ठरले पाहिजे. आपण हे कसे करत होता? आणि दोन मसुद्यांच्या तपासणीचा एखादा जुना नमुना, विद्यार्थ्याचे नाव झाकून, इथे देता आला तर फार उपयोग होईल. पुढच्या सोमवारी अभ्यासक्रम समितीची बैठक आहे.