बॅकअप कुठे ठेवता? घरच्या आणि घरगुती धंद्याच्या कंप्युटरचे अनुभव लिहा

शाईची_बाटली (डोंबिवली)

मंडळी, अनुभव हवेत, सल्ले नकोत. सल्ले नवरा घरबसल्या देतो.

घरात तीन कंप्युटर. माझ्या डेस्कटॉपवर पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दिवाळी अंकांची जुळणी, सगळं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. नवऱ्याच्या लॅपटॉपवर सहा दुकानांचे टॅली या सॉफ्टवेअरमधले हिशेब. तिसरा मुलाचा, त्यावर काय आहे हे विचारायची सोय नाही. मागच्या आठवड्यात माझ्या हार्ड डिस्कमधून टक्, टक् असा आवाज यायला लागला, भिंतीत पाल बोलावी तसा. दुकानवाल्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं आणि म्हणाला, "ताई, या वेळी निभावलं." कपाटातली एक्स्टर्नल डिस्क लावून पाहिली तर तिच्यावरची शेवटची तारीख २०२२च्या दिवाळीची.

एकूण ६४० जीबी आहे. इंटरनेटवर ठेवायचं तर फुकटात भागणार नाही हे कळलंय: गूगलचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून, वनड्राइव्हचे ५, ड्रॉपबॉक्सचे २. पैसे भरून कोण काय वापरतंय? चढवायला किती दिवस लागले? आणि मुख्य म्हणजे, कधी परत उतरवायची वेळ आली का, आणि आली तेव्हा मिळालं का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आली होती वेळ. २२ जुलै २०२१.

मी घरूनच जीएसटी आणि रिटर्नची कामं करतो. पहाटे पाणी अंगणात होतं ते बघता बघता ओट्यापर्यंत आलं. आईला माडीवर नेलं, सिलेंडर नेला, देव नेले, पक्षकारांच्या कागदांच्या तीन पिशव्या नेल्या. कंप्युटर राहिला. बॅकअपची डिस्क बिस्किटाच्या डब्यात घालून त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवली होती, तीही राहिली. चार दिवसांनी डबा उघडला तेव्हा आत सायीसारखा मऊ चिखल होता. मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच खोलीत, एकाच उंचीवर!

वाचलं ते टॅली. लॉकडाऊनमध्ये एका व्यापाऱ्याला रोजचे हिशेब पाठवावे लागायचे म्हणून टॅलीचा बॅकअप गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये घ्यायची सवय लागली होती, ती नंतर सुटली नाही. तेवढं सगळं परत मिळालं. स्कॅन केलेली बिलं मात्र गेली. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने कागद सांभाळायचे असतात, त्यामुळे दोन महिने लोकांना फोन करून "बिलाचा फोटो पुन्हा पाठवा" हेच चाललं होतं. निम्म्यांच्या दुकानात त्यांचीच बिलं वाहून गेलेली.

तुमच्या यजमानांना एक सांगा. टॅलीचं चालू डेटा फोल्डर उचलून ड्राइव्हमध्ये ठेवू नका. टॅली उघडं असताना त्यातल्या बारीक बारीक फायली सतत हलत असतात आणि ड्राइव्ह त्यांच्या मागे धावत बसतं. अर्धी नवी अर्धी जुनी अशी खिचडी वर चढली तर कंपनी उघडत नाही. संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप घ्यायचा आणि फक्त तो ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकायचा.

एकच_क्लिक (नाशिक)

लग्नाचं फोटोशूट करतो, ६४० जीबी म्हणजे आमचे दोन महिने. कंपनी निवडण्याआधी मी स्वतःचा अपलोड वेग तपासलाच नाही, ही माझी चूक. केबलवाला "५० एमबीपीएस" म्हणायचा ते खाली येणाऱ्याचं, वर जायला पाच. हिशेब असा: वर जायचा वेग १० एमबीपीएस असेल तर एक टीबीला सव्वानऊ दिवस लागतात, तेही रात्रंदिवस आणि लाइट न जाता. पाचचा असेल तर दुप्पट. तीन आठवडे बायको ओरडत होती की मालिका अडकते. शेवटी वर-खाली दोन्हीकडे १०० देणारं फायबर घेतलं. फायबरच्या "अमर्याद" प्लॅनलाही बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, तेही बघून घ्या.

मी बॅकब्लेझ वापरतो. एका कंप्युटरचे ठरावीक पैसे, डेटा कितीही. यूएसबीने लावलेल्या डिस्कही त्यात येतात, पण माझ्या योजनेत त्या तीस दिवसांतून एकदा तरी लावाव्या लागतात, नाहीतर त्या डिस्कचा वर ठेवलेला बॅकअप काढून टाकला जातो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या घरी डिस्कांची जत्रा असते. नेटवर्कवरची डिस्क यात चालत नाही, तो विचार असेल तर आधीच सोडा.

काका_सदाशिव

दोन हार्ड डिस्क. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. महिन्याच्या पहिल्या शनिवारी (दुसऱ्याला बँक बंद) अदलाबदल. इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. शिपाई विचारतो, "काका, दागिने का?" मी हो म्हणतो.

शाईची_बाटली

काका, आणि महिन्याच्या २९ तारखेला डिस्क गेली तर?

काका_सदाशिव

तर २९ दिवसांचं काम जाईल. मी निवृत्त आहे.

मुकाट_सोसणारी (ठाणे)

लेकाने कुठलंसं सॉफ्टवेअर "फुकट" उतरवलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फायलीच्या नावाला चार अक्षरांचं विचित्र शेपूट, आणि फोल्डरमध्ये डॉलर मागणारी चिठ्ठी. माझे शिकवणीचे पेपर, प्रश्नसंच, मुलांचे गुण, सगळं. मला वाटलं, आपलं क्लाउडवर आहे, काय बिघडतंय. तिथे गेले तर तिथेही तीच शेपटं. बरोबरच आहे, त्याचं कामच ते: इथे बदललं की तिथे बदलायचं. इथे कुलूप लागलं, त्याने इमानेइतबारे तिथेही लावलं. इतकी वर्षं मी जुळवणीला बॅकअप समजत होते.

वाचले ते वेगळ्या कारणाने. माझं मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. त्यात पूर्ण वनड्राइव्ह मागच्या तीस दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर मागे नेता येतं. शनिवार दुपारी दोनच्या आधीवर नेलं आणि सगळं आलं. आधी लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकलं मात्र, नाहीतर ते परत बिघडलं असतं. कुठलीही सेवा घेताना विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते जागेचा नाही, जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता हा आहे.

तुळशीवृंदावन_एनजे (न्यू जर्सी)

आईबाबा कोथरूडला. बाबा घरून होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतात, पेशंटच्या तीस वर्षांच्या नोंदी टाइप करून ठेवल्यात. मला असं काहीतरी हवं होतं की इथे बसून कळावं तिकडचा बॅकअप झाला की नाही. आता आयड्राइव्ह आहे, एका खात्यात माझे आणि त्यांचे सगळे कंप्युटर, आणि रोजचा मेल मला येतो. मेलमध्ये "झाला नाही" दिसलं की फोन करते. नव्वद टक्के वेळा लॅपटॉप बंद करून गावाला गेलेले असतात.

याआधी दुसरी सेवा होती, त्याची गोष्ट सांगते. पेशंटची माहिती म्हणून खाजगी चावी लावली, म्हणजे कंपनीलाही आतलं वाचता येऊ नये. चावी मीच निवडली, मीच विसरले. लॅपटॉप पडला, बॅकअप पूर्ण आहे, डोळ्यांसमोर फोल्डरांची नावं दिसतायत आणि उघडत नाही. कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नव्हता, चावी त्यांच्याकडे नसणं यालाच तर मी पैसे मोजले होते. बाबा काही बोलले नाहीत. दीड वर्ष रोज रात्री जुन्या वह्यांवरून पुन्हा टाइप करत होते.

आताची चावी कागदावर लिहून देवघराच्या खणात आहे, एलआयसीच्या पावत्यांसोबत. आईला माहीत आहे. तिला बॅकअप म्हणजे काय ते माहीत नाही, पण तो कागद हलवायचा नाही हे माहीत आहे.

माडाचीसावली (फोंडा)

होमस्टेचं बुकिंग आणि हिशेब. परदेशी कंपनीची वार्षिक योजना होती, कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे जायचे. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वसुलीचे नवे नियम लागू झाले, नव्या पद्धतीने परवानगी न नोंदवलेले व्यवहार अडायला लागले. माझा अडला. कंपनीने मेल पाठवले, ते जाहिरातींच्या ढिगाऱ्यात गेले. मुदत संपली, सवलतीचे दिवस संपले, डेटा पुसला. कंप्युटर ठणठणीत होता म्हणून नुकसान शून्य, फक्त सगळं पहिल्यापासून चढवलं. पण हे कळेपर्यंतच्या चार महिन्यांत मी निर्धास्त झोपत होते याचं आता हसू येतं. पैसे भरायची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते.

खतावणी

मूळ धाग्यातल्या टॅलीसाठी एक: ती सहा दुकानं मालकीची किंवा भागीदारीची असतील तर प्रश्न नाही. त्यातलं एखादं प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर हवा. स्वस्त परदेशी सेवा घेण्याआधी सर्व्हर कुठे आहे ते विचारा.

शाईची_बाटली

सगळ्यांचे आभार. एक दुकान खरंच प्रायव्हेट लिमिटेड निघालं, नवरा दोन दिवस गप्प आहे.

आम्ही मायक्रोसॉफ्टची फॅमिली योजना घेतली: सहा जणांना प्रत्येकी एक टीबी, तीस दिवस मागे जाता येतं. त्या एका दुकानाचं खतावणींना विचारून वेगळं करतोय. काकांचं ऐकून दुसरी डिस्क घेतली, ती वहिनीकडे कल्याणला जाते, लॉकर नाही आमच्याकडे. आमचा वर जायचा वेग २० निघाला. रोज रात्री आठ तास चालू ठेवून नऊ रात्री लागल्या.

काल परत उतरवून बघायचं ठरवलं. २०१४च्या एका लग्नाची पत्रिका मुलाच्या लॅपटॉपवर उतरवली. फाइल आली, उघडली, बॉर्डर जागेवर, गणपती जागेवर. आणि "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा कचरा. मुलगा म्हणाला, बॅकअप खराब झाला. खराब नव्हता झाला. त्या काळातलं सगळं काम युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर मराठी दिसायच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत आहे, तो फॉन्ट नसेल तर मराठी दिसत नाही, आणि फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. मी फक्त माझी कामाची फोल्डरं चढवली होती. पंधरा वर्षांच्या पत्रिका सुखरूप वर होत्या, वाचता न येणाऱ्या.

फॉन्टचं फोल्डर आज रात्री जातंय, जेमतेम ३०० एमबी आहे.