सिल्व्हर ओकच्या सालीला गिऱ्हाईक कुठे मिळेल?

प्रश्न
नमस्कार. चिखलदऱ्याला आमची थोडी कॉफी आहे. सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकची यंदा विरळणी केली. खोडे परतवाड्याच्या आरागिरणीवर गेली, परंतु सोललेली साल बांधावरच पडून आहे आणि ती दोन ट्रॉल्या सहज भरेल. कातडी कमावणारे किंवा पांढऱ्या कोळशाचे (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचे) कारखानदार ती घेतील काय? पेटवून द्यायला मन धजत नाही.

प्रतिसाद १
कातडी कमावणाऱ्यांना भरपूर टॅनिन, म्हणजे सालीतले तुरट द्रव्य, लागते. बाभळीच्या सालीत ते साधारण १२ ते २० टक्के, वॅटलच्या सालीत ३० टक्क्यांहून अधिक असते, शिवाय मेळघाटात हिरडा आहेच. मूठभर साल उकळून काढ्यात हिराकसाचा खडा टाका. काढा शाईसारखा काळवंडला तर टॅनिन आहे, एवढेच कळेल. दोन ट्रॉल्यांसाठी अर्क काढण्याचा खटाटोप मात्र परवडणारा नाही.

प्रतिसाद २
मी पांढऱ्या कोळशाच्या कामात आहे. आम्ही कपाशीच्या पराट्या, तुराट्या आणि सोयाबीनचे कुटार वापरतो. ओढत आणलेल्या खोडांच्या सालीत माती रुतलेली असते. तिने साचा झिजतो आणि बॉयलरच्या जाळीवर राखेचे खडे धरतात. साल चांगली वाळवून, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणून, दुसऱ्या मालात थोडी मिसळली तर चालते, पण भाव सांगण्यासारखा मिळत नाही.

प्रतिसाद ३
कारखाना शोधण्याआधी वरुड, शेंदूरजनाघाटकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत विचारा. कुजवलेली साल पिशव्यांतील मातीत मिसळली की निचरा सुधारतो, आणि जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या लिंबाच्या) रोपांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लावणारी फायटोफ्थोरा बुरशी साचलेल्या पाण्यातच फोफावते. विदेशांतील रोपवाटिकांत कुजवलेल्या सालीने या बुरशीला आळा बसल्याचे आढळलेले आहे. कच्ची साल मात्र वापरू नका. मी एकदा तो उतावीळपणा केला आणि सालीतल्या जंतूंनी मातीतले नत्र ओढून घेतल्याने पंधरवड्यात कलमे पिवळी पडली. बारीक तुकड्यांत शेण व थोडा युरिया मिसळून, ओल टिकवून ढीग अनेक महिने उलथापालथ करत ठेवावा लागतो. आधी पंचवीस पिशव्यांवर पाहा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही सल्ला घ्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तुकडे कडबाकुट्टीवर होतील काय?

प्रतिसाद ३
होतील, पण साल आधी नीट झटकून घ्या. आमची पाती मातीनेच बोथट झाली होती.