डॉक्टरांच्या केबिनबाहेर कोण भेटलं? मानसिक आजार आणि आधार : अनुभव धागा

पाठची बहीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं कुठली, डॉक्टर कुठले यावर भरपूर बोललं जातं, पण डॉक्टर भेटतात पंधरा मिनिटं आणि पुढचा अख्खा महिना घरात काढायचा असतो, त्या महिन्याचं काय करायचं हे सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला ते पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये कळलं, सगळे तिला 'सा' म्हणतात. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक होते, पत्नीचं आजारपण त्यांनी घरात बघितलेलं, त्यांनी १९९७ मध्ये ही संस्था सुरू केली. तिथे घरच्यांचा स्वमदत गट भरतो. आई पहिल्यांदा आली ती नुसती पर्स मांडीवर धरून बसली होती. मग शेजारच्या एका रिटायर्ड काकांनी अगदी सहज विचारलं, 'तुमचा मुलगा आंघोळीला किती दिवसांनी जातो हो?' आणि आईने खरं उत्तर दिलं. सख्ख्या मावशीलासुद्धा तिने ते कधी सांगितलं नव्हतं. मग काकांनी त्यांच्या मुलाचं सांगितलं, पलीकडच्या बाईंनी नवऱ्याचं सांगितलं, आणि आई जी बोलायला लागली ती चहा गार होईपर्यंत बोलत होती.

तिथेच एक गोष्ट शिकलो. भाऊ म्हणाला की भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतायत, तर 'काहीतरीच काय' म्हणायचं नाही आणि 'हो हो' पण म्हणायचं नाही. 'तुला ऐकू येतंय हे मला पटतं, मला मात्र येत नाहीये, भीती वाटतेय का तुला?' एवढंच म्हणायचं. घरातली निम्मी भांडणं याने थांबली.

तर तुम्हाला असं कोण भेटलं ते लिहा. संस्था, आशाताई, हेल्पलाइन, शेजारी, कोणीही. वाईट अनुभव पण लिहा, फक्त दवाखान्यांची आणि माणसांची नावं नकोत.

गावाकडची आशा

ताई धागा खूप चांगला काढला. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे. आमच्याकडे २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांसाठी सरकारने काढला होता. गृहभेटीला जातो तेव्हा झोप लागते का, जेवण जाते का, कर्जाचं टेन्शन आहे का, जीव नको वाटतो का हे विचारायचं आणि तसं वाटलं तं पुढे पाठवायचं. आधी आम्हालाच भीती वाटे की असं विचारलं आणि माणसाच्या डोक्यात नको ते भरलं तं? पण ट्रेनिंगमध्ये सांगितलं की विचारल्याने तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होते, आणि मी ते डोळ्याने पाहिलं आहे.

एक भाऊ होते, कापूस वेचून झाला तरी पैसे हाती नाही, मुलीचं लग्न डोक्यावर. ते माझ्याशी कशाला बोलतील, मी त्यांच्या वहिनीच्या वयाची. पण बायकोने सांगितलं की रात्री उठून नुसते गोठ्यात जाऊन बसतात. मी दुसऱ्या दिवशी बैलाची चौकशी करत करत गोठ्यातच गेले. तिथे बोलले ते. मग जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात नेलं, सोबत मीच गेले कारण एकटे जातो म्हणणारा माणूस बस स्टँडवरूनच वापस येते हे मला माहीत आहे. आज ते गोळ्या घेतात, शेती करतात.

घरचे देवऋषीकडे पण नेत होते. मी वाद घालत नाही. देवाचं करायचं तं करा, गोळी बंद करू नका, एवढंच म्हणते. मात्र कोणी मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल तं तिथे मी गप्प बसत नाही.

अडचण एकच सांगते. गोळ्या कधी कधी संपलेल्या असतात. 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात, पण ज्याची मजुरी बुडते तो पुढच्या आठवड्यात येत नाही. हे वरच्या लोकांनी समजून घेतलं पाहिजे.

कोरा कागद

आशाताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.

माझा अनुभव कागदपत्रांचा आहे, कंटाळवाणा वाटेल पण अनेकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. मी ठाण्यात राहते, मुलगा तिशीचा, आजार कॉलेजात सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारसुद्धा दिव्यांगत्वात धरलाय, हे मला त्याच्या डॉक्टरांनी नाही तर पालकांच्या मीटिंगमध्ये भेटलेल्या एका बाबांनी सांगितलं. सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर बहुतेक सवलती मिळतात, आणि त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. मोजतात ते आयडियाज नावाच्या स्केलवर: स्वतःची काळजी घेता येते का, माणसांशी संबंध कसे आहेत, बोलणं समजतं का, काम करता येतं का, आणि आजार किती वर्षांचा आहे.

आता गंमत नाही सांगत, काळजीने सांगते. सर्टिफिकेटसाठी मेडिकल बोर्डापुढे जायच्या दिवशी आपली मुलं आवरून येतात, शर्ट इन करतात, डॉक्टरांनी 'कसं चाललंय' विचारलं की 'ठीक आहे सर' म्हणतात. त्यात त्यांचा स्वाभिमान असतो आणि मला त्याचं कौतुकच आहे, पण कागदावर सगळं ठीक पडतं. त्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी एक साधी वही ठेवली होती, कधी जेवला नाही, कधी बाहेर पडला नाही, कामावरून का परत आला, सगळं तारखेसकट. जुन्या डिस्चार्ज समरी वेगळ्या फाइलला. ती वही मी मुलाच्या समोर न वाचता वेगळी दिली. त्याला कमीपणा वाटायला नको.

सर्टिफिकेटवर वडिलांना इन्कम टॅक्समध्ये (१९६१ च्या कायद्यात ८० डीडीखाली) वजावट मिळते, ७५,००० ची, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० ची, जुनी टॅक्स पद्धत घेतली असेल तरच. आणि एक, निरामय इन्शुरन्ससाठी बरेच पालक धावतात, ती योजना नॅशनल ट्रस्टच्या कायद्यातली आहे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी, नुसत्या मानसिक आजाराला ती लागू नाही. हेलपाटे वाचावेत म्हणून सांगते.

पाठची बहीण

कोरा कागद, वहीचं फार महत्त्वाचं सांगितलंत. आमचं सर्टिफिकेट अडलंय ते नेमकं इथेच.

लिथियम आणि मी

मी स्वतः पेशंट आहे. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार. इथे सगळे घरचे लोक लिहितायत म्हणून मुद्दाम लिहितोय, आमची बाजू पण यायला हवी.

मला सगळ्यात जास्त आधार दुसऱ्या बायपोलर माणसाचा मिळाला. डॉक्टरांनी लिथियम हे या आजाराचं औषध सुरू केलं तेव्हा त्याची रक्तातली लेव्हल, थायरॉइड, किडनी सगळं समजावलं. पण मे महिन्यात नागपुरात उन्हातान्हात फिरताना पाणी कमी पडलं, घाम जास्त गेला तर लेव्हल चढू शकते, हात जास्त थरथरायला लागले किंवा उलट्या झाल्या तर घरी बसून न राहता लगेच डॉक्टर गाठायचा, हे मनात ठसलं ते त्या मित्राने स्वतःवर आलेलं सांगितलं तेव्हा. त्याच्या फोनमध्ये एक यादी होती, 'माझं चढायला लागलं की काय काय होतं', त्यात पहिलंच होतं की रात्री दोनला जुन्या मित्रांना फोन करावेसे वाटतात. मी पण केली तशी यादी आणि बायकोला दिली. आता ती 'तू पुन्हा तसा वागतोयस' म्हणत नाही, 'यादीतलं दुसरं दिसतंय' म्हणते. फरक खूप आहे.

दुसरं म्हणजे कायदा वाचा. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की पुढे माझी निर्णय घेण्याची स्थिती नसेल तेव्हा मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. इमर्जन्सी उपचाराला तो लागू होत नाही हेही लक्षात ठेवा. भूल न देता विजेचा शॉक (ईसीटी) द्यायला या कायद्याने बंदी आहे, साखळीने बांधायला बंदी आहे. आणि कलम २१(४) नुसार इन्शुरन्स कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. माझा अ‍ॅडमिशनचा क्लेम एका कंपनीने 'मानसिक आजार वगळलेला आहे' म्हणून नाकारला होता, मी हे कलम लिहून पत्र दिलं, मग विमा लोकपालाकडे गेलो, पैसे मिळाले. कायदा आहे पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, त्यामुळे मागा.

आणि कृपा करून 'लग्न करून द्या, आपोआप सुधारेल' हे कोणाला सांगू नका. लग्न हे औषध नाही, आणि समोरच्या मुलीला सगळं सांगितल्याशिवाय तर अजिबात नाही. माझ्या बायकोला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, ती माझ्या डॉक्टरांना येऊन भेटली, मग हो म्हणाली.

अबोली

गोव्याहून, डिचोली. बाबा गेल्यावर आई अगदी गप्प झाली. आम्ही शुगरच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेत होतो. तिथे एक मुलगी तिच्याशी बोलायला बसली, मला वाटलं नर्स असेल, तर ती समुपदेशक होती, डॉक्टर नाही, सायकॉलॉजी शिकलेली पण नाही. मला आधी पटलंच नाही. नंतर कळलं की आमच्या गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून नेमकं हेच काम करते, साध्या शिकलेल्या लोकांना नीट ट्रेनिंग देऊन गावातल्या केंद्रात बसवायचं, आणि त्याने नैराश्य कमी होतं हे त्यांनी रीतसर अभ्यास करून दाखवलंय, २०१० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

तिने आईला 'दुःख करू नका' असं एकदाही म्हटलं नाही. आधी तुम्ही दिवसभर काय काय करत होता ते विचारलं. आई म्हणाली, अबोलीचे वळेसर (गजरे) करायचे, देवळात द्यायचे. मग ती म्हणाली, पुढच्या वेळी मला एक करून दाखवा, छोटा चालेल. आईने रडत रडत केला, दोरा दोनदा तुटला, अर्धीच फुलं लागली, पण केला. मग रोज सकाळी थोडा वेळ फुलं, संध्याकाळी शेजारणीकडे जाऊन बसायचं, असं कागदावर लिहून दिलं आणि दर भेटीला विचारायची, जमलं का, नाही जमलं तर काय आडवं आलं. हळूहळू आई उठायला लागली. गोळी लागणाऱ्याला गोळी लागतेच, मी त्याविरुद्ध नाही. आईला मात्र ही मुलगी मिळाली हे तिचं नशीब.

पेठ तालुका

अबोली, अगदी असंच आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात झालंय. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्राने 'आत्मीयता' म्हणून काम सुरू केलं होतं २०१३ च्या आसपास, ४१ गावांत. गावातलेच लोक, काही 'मित्र' काही 'चॅम्पियन', मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायचे, दारू, भांडण, बेकारी असले आपलेच विषय. माझ्या आत्याकडे चॅम्पियन ताई चार-सहा वेळा येऊन बसली. आणि तिने नुसतं ऐकून घेतलं नाही, आत्याचा निराधार योजनेचा अर्ज पण भरून घेतला. ज्या बाईच्या घरात तांदूळ नाही तिला तुम्ही मन शांत ठेवा कसं सांगणार. मला हे काम आवडलं ते यासाठी.

रात्रपाळी

थोडक्यात लिहितो. रात्री खूप वाईट वाटत होतं, रूमवर कोणी नव्हतं. १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. पलीकडच्या मॅडमनी पहिलं विचारलं की आत्ता सुरक्षित आहात का, कोणाला बोलावता येईल का. मग मित्राला उठवलं, तो आला तोवर त्या बोलत राहिल्या. दोन दिवसांनी त्यांच्याकडून फोन पण आला. फुकट आहे, २४ तास आहे. नंबर सेव्ह करून ठेवा सगळ्यांनी, स्वतःला नाही लागला तर दुसऱ्या कोणाला लागेल.

पाठची बहीण

रात्रपाळी, तुम्ही फोन लावलात आणि मित्राला उठवलंत, खूप बरं वाटलं वाचून. कधीही परत तसं वाटलं तर पुन्हा लावा, आणि इथेही लिहा.

खानदेशी

आमच्या गल्लीतला एक मुलगा घरातून निघून गेला होता. बापाने पोलिसात तक्रार दिली, पंढरपूर शिर्डी सगळं पालथं घातलं, शेवटी आईने आशा सोडली नाही पण विषय काढणं सोडलं. कित्येक वर्षांनी एक दिवस जीप येऊन थांबली. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची माणसं, सोबत तो. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांची ही संस्था, रस्त्यावर फिरणाऱ्या मानसिक रुग्णांना उचलतात, उपचार करतात, आणि बोलता झाला की गावाचं नाव काढून घेऊन घरी पोचवतात. २०१८ ला डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तो कुठे दूर दुसऱ्या राज्यात सापडला होता. दाढी केलेली, स्वच्छ कपडे, हातात गोळ्यांची पिशवी. त्या लोकांनी अंगणात बसून बापाला गोळ्या कशा द्यायच्या ते समजावलं, आणि गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना पण सांगितलं की याला वेडा म्हणू नका, हा आजार आहे, गोळ्या थांबल्या तर परत जाईल. आता दुपारची गोळी मेडिकलवाला आठवण करून देतो.

नांदेडहून

सगळं वाचून काढलं. नवऱ्याला पाच वर्षांपासून त्रास आहे, सासरचे कोणाला सांगू देत नाहीत. नांदेडला असा घरच्यांचा गट आहे का? मी एकटी किती करू.

लिथियम आणि मी

नांदेडहून, आधी शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात जा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे सोशल वर्कर कोण आहेत ते विचारा. डॉक्टरांची रांग वेगळी, यांना स्वतंत्र भेटता येतं. नवरा यायला तयार नसेल तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता. जुने कागद असतील ते घेऊन जा.

कोरा कागद

आणि ताई, मला मेसेज करा. माझी नणंद परभणीला आहे, तिचा दीर पण याच आजारात आहे, ती कधीपासून सोबत शोधतेय. दोन घरं जमली की त्याला गट म्हणायला हरकत नाही. रविवारी फोनवर बोलूया का, तुमचे सासरचे घरी नसतील ती वेळ सांगा.

नांदेडहून

रविवारी चालेल. अकरानंतर. ते लोक देवळात जातात तेव्हा.