सल्ला हवा: सोन्यावर बसवलेले रेणू-चुंबक, सेमिनारला कोणता रेणू घेऊ?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार. एमएस्सी फिजिक्स, दुसरं वर्ष, सांगली. रेणू-चुंबक (एकेकटा रेणूच चिमुकल्या चुंबकासारखा वागतो ते) धातूवर बसवले की त्यांचं काय होतं, हा विषय घेतलाय. एमएन-१२ (बारा मॅंगनीजचा रेणू) घेऊ का? वाचायला त्यावरच सगळ्यात जास्त मिळतं. आणि व्हीएसएमवर (नमुना कंपवून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र) थोडं मोजमाप जमेल का?

अजिंक्यतारा
साताऱ्यात केमिस्ट्री शिकवते. एमएन-१२ प्रस्तावनेपुरता ठेव. १९८०चा रेणू, एकेक रेणू स्वतःच चुंबकत्व धरून ठेवतो हे १९९३ला पुढे आलं. आठ मॅंगनीज एका दिशेला, चार उलट, म्हणून एकूण स्पिन (चुंबकत्वाचं माप समज) १०. इथवर झकास. पण सोन्यावर बसवला की काही मॅंगनीज रिड्यूस होऊन (इलेक्ट्रॉन घेऊन) +२ होतं आणि हिस्टेरेसिस, म्हणजे क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व टिकणं, जातो. तापवून उडवायला (वाफ करून सोन्यावर बसवायला) गेलीस तर रेणूच तुटतो.
एफई-४ घे. चार लोह, स्पिन ५, गंधकाच्या टोकांनी सोन्याला धरतो. फ्लॉरेन्सच्या गटाने २००९ मध्ये त्याचा एकच थर सोन्यावर असताना हिस्टेरेसिस दाखवला, तोही १ केल्विनच्या खाली.

कराडकर_इंदूर
व्हीएसएमचा नाद सोड. हिशोब कर: एक चौरस सेंटिमीटरवर समज ५×१०^१३ रेणू, प्रत्येकी १० बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक). सगळे एका दिशेला वळले तरी जेमतेम ५×१०^-६ ईएमयू (व्हीएसएम मोजतं ते एकक). सोन्याखालच्या काचेचं डायमॅग्नेटिझमच (क्षेत्राला हलका उलटा प्रतिसाद) १ टेस्लाला त्याच्या कितीतरी पट. शिवाय एवढं थंड करणार कशात? म्हणून लोक एक्सएमसीडी करतात: डावा-उजवा फिरणारा एक्स-रे, लोहाच्या एल-एजवर (लोह जिथे एक्स-रे जोरात शोषतं ती ऊर्जा), दोन्ही शोषणांतला फरक. सोनं मध्ये येतच नाही.

माळबंगला
टर्बियमचा डबल-डेकर (दोन चपट्या सेंद्रिय चकत्यांमध्ये एक टर्बियम) का नाही? तो न तुटता उडतो.

अजिंक्यतारा
उडतो, पण थेट धातूवर हिस्टेरेसिस जवळपास मिटतो. २०१६ मध्ये चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन त्यावर बसवला, तेव्हा हिस्टेरेसिसचा ठसठशीत लूप आला. मला तर सेमिनारचा खरा मुद्दा हाच वाटतो. रेणू तोच, खालचा मजला बदलला की वागणं बदलतं.

कृष्णाकाठ_सांगली
मग एफई-४ आणि टर्बियम समोरासमोर ठेवते. मोजमाप रद्द. ताई, रेणू शाबूत आहे हे आधी कशावरून ठरवतात?

अजिंक्यतारा
एक्सपीएसवर (एक्स-रेने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) लोह आणि गंधकाचं गुणोत्तर बघ, ते रेणूच्या सूत्राशी जुळलं पाहिजे. एसटीएमच्या (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) चित्रात गोल ठिपके दिसले म्हणजे झालं, असं समजू नकोस. परीक्षक तिथेच धरतात.