'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह' विद्यार्थ्यांना दाखवावा का?

रानजाई (प्रश्न)

मानसशास्त्राच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घ्यायची आहे. विषय आहे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे एकाच व्यक्तीत एकमेकींपासून तुटलेल्या अनेक ओळखी वावरण्याचा विकार. त्यासाठी नन्नली जॉन्सन यांचा १९५७ सालचा हा कृष्णधवल चित्रपट माझ्या मनात आहे. सोशिक, दबलेली गृहिणी ईव्ह व्हाइट, तिच्याच देहात वावरणारी बेफिकीर ईव्ह ब्लॅक आणि उपचार सुरू असताना प्रकट होणारी समंजस जेन या तिघी जोअ‍ॅन वुडवर्ड यांनी उभ्या केल्या आहेत. मला खटकतो तो शेवट. लहानपणी मृत आजीचे चुंबन घ्यायला लावले होते, ही एक आठवण वर येते, दोन्ही ईव्ह नाहीशा होतात आणि जेन तेवढी उरते. आरंभी अ‍ॅलिस्टर कुक पडद्यावर येऊन ही सत्यकथा असल्याचे सांगत असल्यामुळे विद्यार्थी हा शेवटही खराच मानतील. प्रत्यक्षात काय घडले होते, आणि हा चित्रपट दाखवणे योग्य ठरेल का?

सांजवात

जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील कॉर्बेट थिगपेन आणि हर्वी क्लेक्ली या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या एका रुग्णाविषयी १९५४ मध्ये शोधनिबंध आणि १९५७ मध्ये पुस्तक लिहिले, त्यावर हा चित्रपट आधारलेला आहे. ती रुग्ण म्हणजे क्रिस कॉस्टनर साइझमोर. त्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात स्वतःची ओळख जाहीर केली आणि १९७७ मध्ये 'आय अ‍ॅम ईव्ह' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. आपल्यात तीन नव्हे, तर वीसहून अधिक व्यक्तिमत्त्वे होती आणि चित्रपटाने जिथे आजार संपवला त्यानंतरही तो कित्येक वर्षे चालूच राहिला, असे त्यांचे सांगणे आहे. पुढे निरनिराळ्या डॉक्टरांकडे उपचार घेत १९७० चे दशक अर्ध्यावर आल्यानंतर त्या स्थिरावल्या. पुढची अनेक वर्षे मानसिक आजारांविषयी व्याख्याने देत फिरलेल्या साइझमोर यांचे २०१६ मध्ये निधन झाले. म्हणजे पडद्यावरचा सुखान्त लोक पाहत होते, तेव्हा ज्यांची ही कथा होती त्या आजाराशी झगडतच होत्या. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते आणि विद्यार्थ्यांना ती चित्रपट संपताक्षणीच सांगितली जावी, असे मनापासून वाटते.

मनोवेध

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. चित्रपटातील डोकेदुखी, मधल्या काळाचे संपूर्ण विस्मरण आणि आपण न घेतलेले कपडे आपल्याच कपाटात सापडल्यावर उडणारा गोंधळ हे चित्रण विश्वासार्ह आहे. उपचारांचे चित्रण मात्र तसे नाही. या विकाराच्या मुळाशी बहुधा बालपणी दीर्घकाळ सोसलेले अत्याचार किंवा आघात असतात, त्यामुळे एखादी आठवण बाहेर काढून तो बरा होत नाही. आधी रुग्णाला सुरक्षित आणि स्थिर करणे, मग आघाताच्या आठवणींना बेताबेताने सामोरे जाणे आणि त्यानंतर तुटलेल्या ओळखी एकमेकींशी जोडणे, अशा क्रमाने वर्षानुवर्षे काम चालते. ईव्ह ब्लॅक मुलीचा गळा आवळते त्या प्रसंगावरही चर्चा घ्यावी, कारण असे रुग्ण इतरांसाठी धोकादायक असतात असा समज त्यातून पक्का होतो, आणि वास्तवात त्यांना सर्वांत मोठा धोका आत्महत्येचा असतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या मनात 'अंगात येणे' हा प्रश्न नक्की उभा राहील, म्हणून एक भर घालते. अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीने काही संस्कृतींमध्ये हा विकार झपाटल्याच्या अनुभवातून प्रकट होतो हे मान्य केले आहे, परंतु जत्रेत किंवा देवीच्या उत्सवात प्रथेनुसार आणि त्रासाविना अंगात येत असेल, तर त्याला विकार म्हणू नये असेही तिथे स्पष्ट केलेले आहे. हा भेद वर्गात नीट समजावला गेला नाही, तर एखादा विद्यार्थी घरी जाऊन स्वतःच्या आजीलाच रुग्ण ठरवील.

कवडसा

मी वैद्यकातला नाही, तरी चित्रपट म्हणून तो दाखवायलाच हवा असे माझे मत आहे. वुडवर्ड यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. डॉक्टरांच्या खोलीत मान खाली जाते, क्षणभर स्तब्धता येते आणि मान वर होते तेव्हा खांद्यांची ठेवण, आवाजाची पट्टी आणि समोरच्या पुरुषाकडे पाहण्याची नजर बदललेली असते, वेशभूषेची किंवा रंगभूषेची फारशी मदत न घेता. पुढे १९७६ च्या 'सिबिल' या दूरचित्रवाणीपटात सॅली फील्ड यांनी अशाच रुग्णाची भूमिका केली, तेव्हा तिच्या डॉक्टरची भूमिका वुडवर्ड यांच्याकडे होती.

शेवटाविषयी माझा आक्षेप आपल्याहून थोडा वेगळा आहे. हसणारी, गाणारी, नवऱ्याला जुमानत नसलेली ईव्ह ब्लॅक नाहीशी होते आणि नव्या संसाराला साजेशी जेन उरते, यालाच चित्रपट 'बरे होणे' म्हणतो. ईव्ह ब्लॅकच्या बेफिकिरीत ईव्ह व्हाइटने गिळलेला सगळा राग साठलेला होता, त्या रागाचे पुढे काय झाले हे कोणी विचारतच नाही. त्या काळी स्त्रीने कसे असावे याविषयीच्या अपेक्षा इथे निदानात मिसळल्या आहेत असे मला वाटते.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चित्रपट सुमारे दीड तासाचा असल्यामुळे त्याच दिवशी साइझमोर यांच्या पुढील आयुष्याविषयी बोलायला वेळ राहील, तो भाग दुसऱ्या दिवसावर ढकलणार नाही. मनोवेध, विषय आघाताचा असल्याने कोणाला मध्येच उठून जावेसे वाटले तर तशी मोकळीक राहील हे आधी सांगेन आणि समुपदेशकांनाही उपस्थित राहण्याची विनंती करेन. याखेरीज आणखी काही काळजी घ्यायला हवी असेल, तर कृपया अवश्य लिहावे.