फॉक्ससाठी जड गोळी कशाला?
मामेभावाने फॉक्ससाठी कोणती गोळी घ्यावी असं तुम्ही विचारलंत, त्यावर वर कोणीतरी जड गोळी घे म्हणजे फॉक्स जागेवर पडतो असं सांगितलंय ते काही पटलं नाही बुवा. तुमचा मामेभाऊ ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर, कोकरं पळवणारे रेड फॉक्स मारायचेत, म्हणजे जनावर जेमतेम पाच-सहा किलोचं, त्याला वजनदार नाही तर आत शिरताच पटकन फुलणारी गोळी लागते. .२२३ (रायफलीच्या काडतुसाचा एक आकार) मध्ये ५० किंवा ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), टोकाला प्लास्टिक टिप असलेली घे म्हणावं, जनावर तडफडत राहत नाही. फुल मेटल जॅकेट (धातूचं आवरण असलेली, न फुलणारी गोळी) स्वस्त पडते म्हणून अजिबात नको, ती आरपार जाते, जखमी फॉक्स झुडपात पळतो आणि गोळी दगडावर आपटून कुठे जाईल नेम नाही, मागे मेंढ्याच असणार ना! त्याहून कमी ताकदीची साधी .२२ पन्नासेक मीटरपर्यंत ठीक, पुढे दम नाही.

बॅरलचा ट्विस्टपण, म्हणजे नळीतल्या खाचा किती इंचात गोळीला एक गिरकी देतात ते, बघायला सांगा. बऱ्याच जुन्या रायफलींत १२ इंचाला एक वळसा असतो, त्यात ६९ ग्रेनची जड गोळी नीट स्थिरच होत नाही, कधी कधी टार्गेटच्या कागदावर आडवं भोक पडतं.

आम्ही ठाण्यातले दहा मीटर एअर रायफलवाले, तरी पेलेटचे (छर्‍यांचे) तीन-चार प्रकार मारून ग्रुप, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघतो, कारण एका रायफलीला चालणारं पेलेट दुसरीला चालेलच असं नाही. त्यानेही १०० मीटरवर तेच करावं आणि मग एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, बॉक्स उचलावेत.

आणि खारघरच्या खाडीतल्या कोल्हे मारण्याबद्दल विचारणारे भाऊ, तो विषयच नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, सरळ आत जाल.